घरच्या घरीं भरलेली कॅप्सूल

सुंठीचें चूर्ण मधांत कालवून चाटण्याची आपली जुनी रीत आतां मागें पडत आहे. तिखट-कडू चव कोणासच नको. म्हणून रिकाम्या कॅप्सूल आणून त्यांत घरचें चूर्ण भरण्याची युक्ति कित्येक घरांत दिसूं लागली आहे. युक्ति मूळची फ्रान्सची. मोथ व द्युब्लां या दोघांनीं १८३४ सालीं जिलेटिनच्या कॅप्सूलचें पेटंट घेतलें, तेंहि औषधाची वाईट चव जिभेस लागूं नये म्हणूनच. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढतात. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांनीं सेल्युलोजची वनस्पतिजन्य कॅप्सूल मागावी.

कृति सोपी आहे. सुंठ चांगली वाळवून कुटावी व वस्त्रगाळ करावी. हात कोरडे ठेवून कॅप्सूलचा लांब भाग चूर्णांत दाबीत भरावा व टोपण बसवावें. पावसाळी हवेंत जिलेटिन मऊ पडतें, तेव्हां तें काम कोरड्या दिवशींच करावें. बाटलीवर वस्तूचें नांव व तारीख लिहावी.

आतां हिशेब पाहूं; जुन्या मास्तराला तो सुटत नाहीं! शून्य क्रमांकाच्या कॅप्सूलमध्यें सुमारें ०.६८ मिलिलिटर जागा असते. तींत चूर्ण साधारण ४०० मिलिग्रॅम मावतें. चहाच्या चमच्यांत सुंठ सुमारें २ ग्रॅम राहते. म्हणजे एका चमच्याच्या जागीं पांच कॅप्सूल झाल्या. एकच गिळून चमचाभर औषध घेतल्याचें समाधान मानणें व्यर्थ होय.

याहून मोठा धोका उलट बाजूचा आहे. चाटणाचा जिभेस कंटाळा येतो व माणूस आपोआप थांबतो. कॅप्सूलचा कंटाळा येत नाहीं. ती महिनोन्महिने पोटांत जात राहते. ज्येष्ठमधाचेंच पाहा. खोकल्यापुरता तो ठीक. परंतु पुष्कळ दिवस घेतल्यास शरीरांत मीठ व पाणी सांठतें, पोटॅशियम घटतें आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या, हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यानें तो भरूंच नये. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल, तर सुंठ किंवा हळद रोज घेण्यापूर्वीं डॉक्टरांस बाटली दाखवावी. ‘घरचेंच आहे’ म्हणून ती लपविणारे रोगी पुष्कळ!

कॅप्सूल बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व लगेच आडवें होऊं नये; नाहींतर ती अन्ननलिकेस चिकटून तेथेंच विरघळते, आणि सुंठीसारखें तिखट चूर्ण असल्यास छातींत चांगलीच आग होते.