भंडाऱ्यातून दिसणारी आफ्रिका

आफ्रिकेतील बालकांचे दारिद्र्य आणि आजार यांची चर्चा निघाली की वाढती लोकसंख्या हेच त्यांचे मूळ, असे बहुधा गृहीत धरले जाते. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत एका स्त्रीला सरासरी चारहून अधिक मुले होतात आणि साधारण चौदा मुलांमागे एक मूल पाच वर्षांचे होण्याआधीच दगावते, हे खरेच आहे. परंतु यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे पारखायचे तर जिथे लोकसंख्येची वाढ मंदावली आहे असा प्रदेश पाहावा लागतो, आणि पूर्व विदर्भातला भंडारा जिल्हा तसा आहे.

२०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती. आधीच्या दहा वर्षांत ती जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढली, तर राज्याची वाढ सुमारे १६ टक्के होती. यामागे कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचे स्थलांतर आहे, तसाच घटलेला जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्याही आहे. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने घ्यायला हा दर २.१ लागतो, आणि २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात तो १.७ आढळला. पाळणा असा लांबला, तरी गरिबाघरच्या मुलांची दुखणी मात्र आपोआप सरली नाहीत.

सिकलसेल हा आजार त्याची साक्ष देतो. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मुलाला असह्य वेदना, रक्तक्षय व वारंवार जंतुसंसर्ग होतो. हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर ती व्यक्ती केवळ वाहक, म्हणजे ‘एएस पॅटर्न’ची असते, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. म्हणूनच मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेल्या आफ्रिकेच्या मोठ्या भागात आणि विदर्भासारख्या प्रदेशात हा दोष टिकून राहिला.

दोष रक्तातून येतो, पण त्याची तीव्रता परिस्थिती ठरवते. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी वेदनेचा झटका येतो, त्यामुळे धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या चिखलात राबणाऱ्या किशोरवयीन मुलाला धोका अधिक असतो. आणि तो दवाखान्यात दाखल झाला की सोबत राहणाऱ्या आईबापाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते, व पुढच्या पिढीचे दारिद्र्य तिथेच पक्के होते. आफ्रिकेत तर अशी कित्येक मुले निदानाआधीच दगावतात. जिथे मूल जगेल याची खात्री नसते तिथे आईबाप अधिक मुले होऊ देतात, म्हणून बालमृत्यू घटले आणि मुली शिकल्या की जननदर उतरतो, हा जगभरचा अनुभव आहे. लोकसंख्यावाढीला दारिद्र्याचे एकमेव मूळ मानणारा विचार हा क्रम उलटा लावतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी विवाहापूर्वीची रक्ततपासणी आवश्यक आहेच, पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे हे न उमगता त्या तपासणीच्या कागदावरून मुलींची लग्ने मोडू लागली, तर लोक तपासणीच टाळतील. जन्मलेल्या मुलाला वेळेवर निदान, झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया, पुरेसा आहार आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार मिळाले पाहिजेत. किती मुले जन्मली याचा हिशेब समाज काटेकोरपणे ठेवतो; जन्मलेले प्रत्येक मूल वेदनेविना शाळेत पोहोचते का, याचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे ठेवणे भंडाऱ्यात आणि आफ्रिकेत सारखेच निकडीचे आहे.