गुऱ्हाळावरची पोरं काय लिहितील?

करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर वाढलेल्या तिसरीतल्या मुलाला विचारा, काहिलीतला रस गुळाला आला हे कसं ओळखायचं. चुलवाणाच्या धगीपासून गुळव्याच्या हाकेपर्यंत सगळं तो हातवारे करत सांगेल. वहीत मात्र फळ्यावरून उतरवलेला उतारा, नाहीतर 'मी पाहिलेला समुद्रकिनारा'. समुद्र त्यानं पाहिलेलाच नसतो. मग गाईडातल्या ओळी वहीत येतात आणि अक्षर वळणदार असेल तर शाबासकीही मिळते. अनुलेखन आणि श्रुतलेखन यांच्या पुढं गरिबाच्या मुलाचं लिहिणं सहसा जातच नाही.

मुलाला शाळेत आणण्याचं काम कोल्हापूरनं फार आधी केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. शाळेत आलेल्या मुलानं स्वतःचं काही लिहावं, हा ध्यास याच शहरात लीलाताई पाटील यांनी घेतला. १९८५ मध्ये त्यांनी 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं आणि मुलांच्या अनुभवाला अभ्यासात जागा दिली. तिकडं फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी दलित वस्तीतल्या मुलांसाठी मुळाक्षरांचा नेहमीचा क्रम बाजूला ठेवला आणि थोडी अक्षरं येताच अर्थाचे शब्द लिहिता येतील असे गट पाडले. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना, त्यांनी स्वतः मागितलेल्या शब्दांपासूनच शिकवत.

मुलाच्या स्वतःच्या शब्दांपासून लिहायला शिकवण्याला वर्गात खर्च काही लागत नाही. आधी भरपूर बोलू द्यायचं. मुलाचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं, त्यानं ते वाचायचं, वहीत उतरवायचं आणि पुढचं स्वतः लिहायचं. 'पाणी'चं 'पानी' झालं तरी त्या दिवशी चालवून घ्यायचं.

खरी अडचण बोलीची. कोल्हापूरची मुलगी 'मी आलो' म्हणते. तिची आई, आजीही तसंच म्हणतात. वहीत ते उमटलं की लाल रेघ. अशा चार रेघा पडल्या की मूल येतील तेवढेच शब्द लिहितं, मनातलं लिहीत नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी. परीक्षा, अर्ज, नोकरी त्याच भाषेत आहेत आणि गरिबाच्या मुलाला ती न देणं हा अन्यायच. पण ती दुसऱ्या खर्ड्यात, एका वेळी एकच दुरुस्ती सांगत शिकवावी. पहिला खर्डा मुलाचा राहू द्यावा.

शिक्षकांनो, आठवड्यातला एक तास तरी उतारा देऊ नका; मुलांना घरचं, रानातलं, भट्टीवरचं लिहू द्या. आणि पालकांनो, तुम्हाला वाचता येत नसलं तरी संध्याकाळी मुलाला जवळ बसवा, त्यानं लिहिलेलं त्याच्याच तोंडून ऐका.