मधुमेही आणि लांबचा सायकलप्रवास

मधुमेह जडला म्हणजे घरांतील वडील मंडळी गोड बंद करतात, आणि मुलगा इन्सुलिन घेणारा असला तर त्याची सायकलही बंद करूं पाहतात. ही दुसरी मनाई आम्हांस अनाठायी वाटते. सुश्रुतानें तर निर्धन प्रमेह्यास मुनीप्रमाणें संयमी राहून शंभर योजनें चालावयास सांगितलें आहे! १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन शोधलें, आणि पूर्वीं जीं मुलें दगावत तीं जगूं लागलीं. २०१२ सालापासून नोवो नॉर्डिस्क या नांवाचा सायकलपटूंचा सबंध संघच अशा मधुमेह्यांचा असून, इटलींतील मिलान ते सान रेमो ही सुमारें तीनशें किलोमीटरची शर्यत त्यानें केली आहे.

तथापि तेथें मदतीची मोटार मागोमाग असते. नागभीडहून सिंदेवाहीकडे निघालेल्याची मदार स्वतःच्या पिशवीवर. श्रमणारे स्नायू रक्तांतील साखर झपाट्यानें ओढतात, आणि टोचलेलें इन्सुलिन त्यांत भर घालतें. म्हणून त्या दिवशींची मात्रा किती कमी करावी, हें डॉक्टरांस आधींच विचारावें. सुई मांडींत टोचूं नये. निघतांना साखर ९० च्या खालीं असल्यास प्रथम खावें. २५० च्या वर असल्यास लघवींतील कीटोन तपासल्यावांचून निघूं नये. वाटेंत दर तासास मोजावें व केळें वा खजूर खावा. साखर ७० च्या खालीं आल्यास तत्काळ थांबून तीन-चार लहान चमचे साखर पाण्यांतून घ्यावी, आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें. शेंगदाण्याचा लाडू अशा वेळीं उपयोगाचा नाहीं. त्यांतील स्निग्धांश साखरेस विलंब लावतो. आमच्याकडील उन्हाळ्यांत इन्सुलिन बिघडतें, तें थंड पेटींत न्यावें. रान वाघांचें आहे. सोबती असावा व दिवसाउजेडीं परतावें.

खरी कसोटी मात्र घरीं परतल्यावर असते. रिते झालेले स्नायू साखर भरून घेत राहतात, त्यामुळें रात्रीं झोपेंतही ती उतरूं शकते. निजतांना साखर मोजावी. घाम, कंप, असंबद्ध बोलणें, विनाकारण चिडणें हीं चिन्हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावीं. शुद्ध हरपल्यास तोंडांत कांहीं घालूं नये. कुशीवर वळवून रुग्णालयांत न्यावें.

मुलाची सायकल कुलुपांत ठेवण्यापेक्षां ही दक्षता घरानें शिकावी, हें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें.