मुकुटाचे ओझे कुणाच्या डोक्यावर?

वार्षिकांकासाठी सूचनाफलकावर विषयांची जी यादी लागली होती, तीत 'मराठवाड्यातील दुष्काळ', 'ग्रामीण कादंबरी', 'स्त्री आणि समाज' असे भारदस्त विषय होते. कोरियन मालिका तीत नव्हत्या. तरीही मी हाच विषय घेतला आहे; कारण मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या मुली ज्या एका गोष्टीवर तावातावाने बोलतात, ती हीच होय. प्राध्यापकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. ज्या गोष्टीसाठी अर्धा वर्ग रात्रीची झोप घालवतो, तिच्याकडे साहित्याच्या विद्यार्थिनीने पाहायचे नाही, तर कुणी पाहायचे?

कोरियन मालिका भारतात एकदम आल्या नाहीत. मणिपुरात 2000 साली एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि त्या मोकळ्या जागेत कोरियन कार्यक्रम शिरले. उरलेल्या देशाला त्यांची ओळख मुख्यतः 2020 च्या टाळेबंदीत झाली. त्या एका वर्षात भारतात कोरियन मालिका पाहण्याचे प्रमाण आदल्या वर्षाच्या तुलनेत 370 टक्क्यांहून अधिक वाढले, असे नेटफ्लिक्सने जाहीर केले होते. आमचे दौलताबादही त्याला अपवाद नव्हते. किल्ला बंद, पर्यटक नाहीत, सीताफळाच्या पाट्यांना गिऱ्हाईक नाही, आणि घराघरांतून मुली मोबाईलच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे वाचत कोरियन प्रेमकथा पाहत आहेत, असा तो काळ. माझे इंग्रजी जे काही सुधारले ते त्या अक्षरांमुळे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करते.

ज्या मालिकेविषयी मी लिहिणार आहे ती त्यामानाने जुनी. 'द एअर्स', म्हणजे 'वारसदार'. एसबीएस या वाहिनीवर ऑक्टोबर ते डिसेंबर 2013 मध्ये तिचे वीस भाग दाखवले गेले. लेखिका किम उन-सुक. नायक ली मिन-हो, नायिका पाक शिन-हे. शाळकरी प्रेमकथांत हिचे नाव आजही पहिल्या पाचांत घेतले जाते. मला तिने जितके निराश केले तितके दुसऱ्या कुठल्याही मालिकेने केले नाही. वाईट मालिकेने माणूस निराश होत नाही, तो ती बंद करतो. ही मालिका मी बंद करू शकले नाही.

कारण सांगते. कथेची नायिका छा उन-सांग ही एका मोलकरणीची मुलगी आहे. तिची आई मुकी आहे. ती वहीत लिहून बोलते. एका महाप्रचंड उद्योगघराण्याच्या वाड्यात ती काम करते आणि मायलेकी त्याच वाड्यातल्या एका लहानशा खोलीत राहतात. त्या घराण्याचा धाकटा मुलगा किम तान हा नायक. पुढे घराण्याच्या मालकाच्या हुकमाने उन-सांगला त्यांच्याच मालकीच्या श्रीमंती शाळेत प्रवेश मिळतो. म्हणजे ज्या घरात आई भांडी घासते, त्या घरच्या मुलाबरोबर मुलीने एका वर्गात बसायचे.

वाचकहो, हा प्रसंग मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या गावातल्या एका मोठ्या घरी माझी आई बारा वर्षे स्वयंपाक आणि धुणीभांडी करीत होती आणि त्या घरची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती मुलगी स्वभावाने चांगली. माझ्या आईला 'मावशी' म्हणायची. एका हिवाळ्यात तिचा जुना निळा स्वेटर घालून मी शाळेत गेले. तिने तो ओळखला, मला कळले की तिने ओळखला, आणि आम्ही दोघीही काही बोललो नाही. त्या न बोलण्यात जे होते, ते कुणीतरी पडद्यावर मांडील अशी माझी अपेक्षा होती. पहिल्या सहासात भागांत ती अपेक्षा वाढत गेली.

त्या शाळेत विद्यार्थ्यांच्या अलिखित पायऱ्या आहेत. वर उद्योगघराण्यांचे वारस, मग भागधारकांची मुले, मग मंत्री-न्यायाधीशांची, आणि सर्वांत खाली 'सामाजिक सवलती'तून आलेली. हे लेखिकेने हवेतून आणलेले नाही. कोरियातल्या स्वायत्त खाजगी माध्यमिक शाळांना काही जागा अशा मुलांसाठी खरोखरच राखून ठेवाव्या लागत. आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने त्यातून बऱ्याच खाजगी शाळांना सूट दिली आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाच्या निकालाने प्रवेश मिळतो. पण डबा कुणाशेजारी उघडायचा, वाढदिवसाला बोलावले तर काय न्यायचे, आईचे काम विचारले तर काय सांगायचे, हे निकालपत्रात नसते. ते कथेतच यायला हवे.

आणि मालिकेत ते येतेही! उन-सांग शाळेत पाऊल टाकते तेव्हा सवलतीच्या एका मुलाला छळून छळून शाळेतून घालवलेले असते. छळणारा चोई यंग-दो हा हॉटेलमालकाचा मुलगा. पूर्वी या उद्योगात किम तानही त्याचा साथीदार होता. घाबरलेली उन-सांग आपण नवश्रीमंताची मुलगी आहोत असे सोंग घेते. आता काय होणार? सोंग फुटेल तेव्हा ती वर्गाला काय तोंड देणार? आईच्या वहीतली वाक्ये ती कुणाला दाखवणार? इथपर्यंत मी श्वास रोखून पाहत होते.

पुढे काहीच होत नाही. म्हणजे घटना पुष्कळ होतात, पण त्या प्रश्नाचे काही होत नाही. सोंग फुटते आणि किम तान सर्वांदेखत तिला जवळ घेतो, प्रश्न संपला. ज्या मुलीने तीनतीन ठिकाणी अर्धवेळ नोकऱ्या करून घर चालवले, ती मालिकेच्या उत्तरार्धात बहुतेक वेळ डोळ्यांत पाणी आणून उभी राहते. तिला मनगट धरून एकजण इकडे ओढतो, दुसरा तिकडे ओढतो. मी मनगट धरण्याचे प्रसंग मोजायला सुरुवात केली होती. पुढे कंटाळून सोडून दिले. तिला कुठे जायचे आहे हे विचारणारे त्या शाळेत जवळपास कुणी नाही. ज्या यंग-दोने तिला पाय आडवा घालून पाडले, तोच हळूहळू तिचा मूक प्रेमिक होतो आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली त्याच्यासाठी रडतात. छळ हे प्रेमाचे पहिले पान आहे, असा काहीसा धडा मग गळी उतरतो. एसटीच्या थांब्यावर रोज त्रास देणाऱ्या मुलाविषयी 'त्याचं मनातून प्रेम असेल' असे म्हणणारी मैत्रीण मला आहे, म्हणून हे लिहिते.

शेवटच्या चारपाच भागांत तर शाळाच नाहीशी होते. वडिलांचे आजारपण, भागधारकांची सभा, कंपनी कुणाच्या हाती राहणार याची कारस्थाने. नायक-नायिकेने दहा वर्षांनंतरचे गोड चित्र कल्पिले की मालिका संपते.

मालिकेचे मूळ कोरियन नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ असा की, ज्याला मुकुट घालायचा आहे त्याने त्याचे वजन पेलावे. हे नाव वाचले तेव्हा मला हसू आले. मी दौलताबादची. मुकुटाच्या वजनाची गोष्ट आम्हाला शाळेच्या चौथीपासून ठाऊक. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली, नाव दौलताबाद ठेवले आणि काही वर्षांत बेत मोडून परत गेला. मुकुट त्याच्या डोक्यावर होता. वजन मात्र शेकडो कोस चालत आलेल्या आणि परत गेलेल्या लोकांनी उचलले. मालिका वीस भाग आपल्याला वारसदारांच्या वजनाबद्दल हळहळायला लावते: बिचाऱ्याला मनासारखे लग्न करता येत नाही, बिचाऱ्याचा सावत्र भाऊ त्याच्याशी बोलत नाही. थोरल्या भावाचेही प्रेम एका अनाथाश्रमात वाढलेल्या शिक्षिकेवर आहे, आणि खुर्चीसाठी तो तिला सोडतो. त्यात दुःख कुणाचे अधिक, हे मालिकेने त्या बाईच्या बाजूने एकदा तरी नीट सांगायला हवे होते.

असे का व्हावे? लेखिकेला जमत नव्हते असे म्हणता येत नाही. हिनेच पुढे 'द ग्लोरी' लिहिली (2022-23), जिच्यात शाळेत छळलेली मुलगी मोठेपणी छळणाऱ्यांचा हिशेब चुकता करते. तीत छळाला कुणी प्रेम म्हणत नाही. फरक थोडा काळाचा आहे, थोडा कामाच्या पद्धतीचा. त्या काळी कोरियात आठवड्याला तासा-तासाचे दोन भाग दाखवीत. सुरुवातीचे काही भाग आधी तयार असत. बाकीचे प्रक्षेपण चालू असतानाच चित्रित होत. कधीकधी संवादांची सुटी पाने चित्रीकरणाच्या जागी त्याच दिवशी पोचत. त्याला तिकडे 'तुकडा-संहिता' अशा अर्थाचा शब्दच आहे. प्रेक्षकांना कालच्या भागात कोण आवडले हे पाहून उद्याचा भाग लिहायचा, म्हणजे आवडता खलनायक गोड होत जाणार हे ओघानेच आले. शिवाय 2010 पासून तिकडे मालिकेत माल दाखवून जाहिरात करण्यास रीतसर मुभा मिळाली. उन-सांग ज्या कॉफीच्या दुकानात काम करते ते त्या वेळच्या एका खऱ्या साखळीचे दुकान आहे. गरीब मुलीच्या कष्टाचा प्रसंग आणि दुकानाची पाटी एकाच चौकटीत असली की कष्टही चकचकीत दिसू लागतात.

माझी मैत्रीण म्हणते, "अगं, मनोरंजन आहे ते. तुला काय शिरोडकर आणि जोशी हवेत का प्रत्येक वेळी?" तिचा रोख मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'कडे होता. स्वप्नरंजनाला माझी हरकत नाही. आमच्या किल्ल्यावर डिसेंबर-जानेवारीत सहलीच्या गाड्या येतात. अंधारीतून जाताना मुलेमुली मुद्दाम ओरडतात, कुणाचा तरी हात कुणाच्या तरी हाताला लागतो, बाहेर उजेडात आल्यावर दोघेही भलतीकडे पाहतात. तेवढ्यावर वर्षभर स्वप्ने चालतात. ती खोटी नसतात. पण गरिबीचा प्रश्न स्वतः हौसेने उघडून मग तो नायकाच्या कोटाखाली झाकून टाकणे, याला स्वप्न म्हणवत नाही.

त्याच 2013 साली आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' तयार झाला होता. 2014 च्या फेब्रुवारीत, नेमका व्हॅलेंटाइनच्या दिवशी, तो प्रदर्शित झाला. तिथेही शाळा आहे, गणवेश आहे, वरच्या पायरीवरच्या मुलीकडे चोरून पाहणारा जब्या आहे. शालूशी तो बोलतसुद्धा नाही. आईबापांबरोबर डुकरे धरताना तिने आपल्याला पाहू नये म्हणून तो लपत राहतो, आणि तिने पाहिल्यावर त्याला लपायला जागा उरत नाही. त्या लपण्यात माझा निळा स्वेटर होता. वीस तासांच्या मालिकेला जे सापडले नाही ते दोन तासांहून कमी वेळात सापडले.

एक गोष्ट मात्र मालिकेच्या पदरात टाकते. त्या वाड्यातली धाकटी मालकीण आणि मुकी मोलकरीण यांचे प्रसंग अप्रतिम आहेत. मालकीण स्वतःच त्या घरात अर्धी परकी, लग्नाची नव्हे. ती तावातावाने बोलते, मोलकरीण वहीत दोन ओळी खरडून दाखवते, आणि मालकिणीची बोलती बंद होते. माझ्या आईने मालिकेतले फक्त हेच प्रसंग पाहिले, कणीक मळता मळता. भाषा कळत नव्हती, मी अक्षरे वाचून सांगत होते. "तिला काय लिहिलंय ते सांग," एवढेच ती विचारायची. किम तानविषयी तिने एकदाही विचारले नाही.