पंखाच्या फासळीचा लाकडी ठोकळा

कांदिवलीत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. कौतुक इंजिनाचं होतं, पण घरगुती विमानाची खरी मेहनत असते पत्र्यात.

अंबरनाथला शिवमंदिरापलीकडच्या एमआयडीसीत वावरलेल्यांना पत्रा म्हटलं की प्रेस आणि पोलादी डाय आठवेल. हजारो नग काढायचे तर तेच हवं. पंखाच्या दहा-वीस फासळ्यांसाठी मात्र एमडीएफ किंवा टणक लाकडाचा फॉर्म ब्लॉक, म्हणजे पत्र्याला आकार देणारा ठोकळा, पुरतो.

ठोकळा फासळीच्या आकाराचा, पण कडेने पत्र्याच्या जाडीइतका लहान. कड गोल घासायची. धारदार ठेवली तर अ‍ॅल्युमिनियमला दुमडीवरच चीर जाते. वाकवलेला पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून ठोकळ्याची बाजू काटकोनाऐवजी काही अंश आत उतरती तासतात. दोन ठोकळ्यांमध्ये पत्रा धरायचा, तो सरकू नये म्हणून आरपार दोन पिना, आणि प्लास्टिकच्या हातोडीने हळूहळू दुमड पाडायची. लोखंडी हातोडीने पत्रा ताणला जातो, वणही उठतात.

पंखाचा आकार बाहेरून फुगीर. तिथे दुमडलेल्या पट्टीत धातू जास्त होतो आणि फासळी केळ्यासारखी वाकते. मग खास पक्कडीने रिव्हेटच्या जागांच्या मधोमध छोट्या चुण्या घालतात. जादा धातू त्यांत मुरतो, फासळी सरळ होते. चुणी रिव्हेटच्या जागी पडली, तर पंखावरचा पत्रा तिथे टेकतच नाही.