विश्लेषण : जुन्या गाडीला अल्टरनेटर बसतो, पण वायरिंगचे काय?

रात्री सिग्नलला थांबले की हेडलाइट पिवळट पडतात, हॉर्नचा आवाज बसतो आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकू लागतो. डायनामोवर चालणारी जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर सांभाळणाऱ्यांना हे नवे नाही. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे डायनामो उतरवून अल्टरनेटर बसवणे. ब्रॅकेट आणि पट्टा जुळला तर काम एका दिवसात होते. मात्र अनेकदा मशीन नवे येते आणि वायर जुनीच राहते. धोका तिथेच आहे.

डायनामो कमी का पडतो?

डायनामोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि सगळीच्या सगळी कम्युटेटर व कार्बनमधून बाहेर काढावी लागते. त्यामुळे तो फार वेगाने फिरवता येत नाही आणि इंजिन मंद गतीवर असताना त्यातून जवळपास काहीच मिळत नाही. ब्रिटिश गाड्यांतल्या लुकास सी-40/1 डायनामोची क्षमता 22 अँपिअर, तीही पुरेशा वेगावर. आता हिशेब करा. 60 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे 10 अँपिअर. इग्निशन, वायपर, मागचे दिवे धरून आणखी सात-आठ. म्हणजे पावसाळ्यात कोंडीत अडकलेली गाडी खरे तर बॅटरी खात उभी असते.

अल्टरनेटरमध्ये रचना उलटी आहे. वीज स्थिर गुंडाळीत तयार होते. कार्बनमधून रोटरपुरते मोजके अँपिअर जातात. म्हणून तो जास्त वेगाने फिरवता येतो आणि कमी आरपीएमलाही चार्जिंग देतो. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर हे शक्य झाले. 1960च्या व्हॅलियंटमध्ये क्रायस्लरने तो सर्रास दिला आणि मग इतर कंपन्याही वळल्या.

मग वायर का तापते?

45 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला म्हणून सतत 45 अँपिअर वाहत नाहीत. गाडीला आणि बॅटरीला लागेल तेवढेच वाहतात. पण बॅटरी उतरलेली असताना गाडी धक्का मारून सुरू केली आणि लगेच दिवे लावले, की तो क्षमतेच्या जवळ पोहोचतो. डायनामोची मूळ वायर साधारण तीन चौरस मिलिमीटरची, तीही कित्येक दशके इंजिनच्या उष्णतेत शेकलेली.

पहिल्या वर्षाला घोकलेले ‘आय स्क्वेअर आर’ इथे उपयोगी पडते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध 0.05 ओहम धरा. 20 अँपिअरला तिथे 20 वॉट उष्णता निघते, 40 अँपिअरला 80 वॉट. घरगुती सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचे असते, यावरून अंदाज यावा. डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या विलिस जीपमध्ये, हा करंट अ‍ॅमीटरच्या दोन नटांमधून, म्हणजे चालकाच्या गुडघ्यासमोरून जातो.

नवी जोडणी कशी?

अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून सेल्फच्या सोलेनॉइडवर, बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टपर्यंत, स्वतंत्र वायर ओढावी. 45 अँपिअरसाठी 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर निश्चिंती. तिला 60 अँपिअरचा फ्यूज हवा आणि तो बॅटरीकडच्या टोकाला हवा, कारण वायर घासून बॉडीला टेकली तर आग लावणारा करंट बॅटरीतून येतो. ही गोष्ट सर्वाधिक टाळली जाते. अल्टरनेटरपासून इंजिनच्या ब्लॉकला आणि ब्लॉकपासून बॉडीला अर्थिंगही नवे घालावे.

जुना कटआउट-रेग्युलेटर सर्किटमधून काढावा लागतो, कारण बॅटरीचा करंट उलटा जाऊ न देण्याचे काम आता डायोड करतात. अ‍ॅमीटर वगळला तर त्या जागी व्होल्टमीटर बसवावा. माहितीही जास्त मिळते.

चार्जिंगचा लाल दिवा मात्र तसाच ठेवावा. साधारण 2.2 वॉटच्या या बल्बमधून रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. हौसेने तिथे एलईडी लावली की अल्टरनेटर जागाच होत नाही, आणि दोष नव्या मशीनला दिला जातो.

उलट्या अर्थिंगचे काय?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. बहुतेक अल्टरनेटरना ऋण अर्थिंग लागते. तसेच जोडले तर डायोड क्षणात जळतात. अशा गाडीत आधी बॅटरीची टोके, इग्निशन कॉइलच्या वायर आणि अ‍ॅमीटर उलटावे लागतात. सेल्फ मात्र दोन्हीकडे त्याच दिशेने फिरतो. फियाटवाल्यांची यातून सुटका आहे.

मूळपण जाते का?

2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. रॅलीचे परीक्षक मूळ भाग पाहतात ते वेगळेच. त्यामुळे काढलेला डायनामो आणि कटआउट भंगारात देऊ नये. जुनी वायरिंग कापण्याऐवजी टोके झाकून बांधून ठेवली, तर पुन्हा मूळ जोडणी करता येते.

काम झाल्यावर मेकॅनिकसमोरच मल्टिमीटर लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4. मग सगळे दिवे लावून अल्टरनेटरचे टर्मिनल आणि बॅटरीचे धन टोक यांच्यातला फरक पाहावा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर गाडी घरी नेऊ नये, जोड पुन्हा उघडायला सांगावे.