पंगत आणि पेला

दिवाळीला पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून मुले घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानातून हल्ली एखादी लाल वाइनची बाटलीही निघते. 'जेवणाबरोबर थोडी घेतात, ती काही दारू नव्हे,' असे समजावले जाते. आईचा चेहरा उतरतो, वडील वर्तमानपत्र चाळू लागतात. यात खरे कोणाचे, हे सणाच्या ताटावरच तपासून पाहू या.

वाइन आता परकी राहिलेली नाही. नारायणगावला ती १९८०च्या दशकातच होऊ लागली; २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि नाशिकचे नाव जगात गेले. कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि शिराझ ही तिथल्या लाल वाइनची दोन ठळक नावे. लाल वाइनचा तुरटपणा द्राक्षांच्या साली-बियांतून येतो. कच्च्या केळ्याने तोंड आवळते ना, तसाच. कॅबर्ने अधिक तुरट, म्हणून चरबीदार मटणाशी तिचे जमते. शिराझ मसालेदार पदार्थांना जरा जवळची.

पण आमचा वऱ्हाडी रस्सा? तिखटावर तुरटपणा आणि अल्कोहोल पडले की जिभेची आग वाढतेच. वडाभातावर फोडणीचे गरम तेल, पाटवडीचा झणझणीत रस्सा, इथे दोन्ही वाइन हरतात. पुरणपोळीपुढे तर विचारूच नका. पेढा खाऊन चहा प्यायलात तर तो जसा बेचव लागतो, तशी गोड नसलेली वाइन पुरणानंतर आंबट-कडू लागते. पेय पदार्थाइतके तरी गोड हवे, हा जाणकारांचा साधा नियम. गोव्यात नाताळाला बेबिंकाबरोबर गोड पोर्ट शोभते ती त्यामुळेच. आपल्या ताटाला मठ्ठा, कढी किंवा अंबाडीच्या लाल बोंडांचे सरबत हेच खरे जोडीदार.

आता 'दारू नव्हे' याचा हिशेब. बँकेत आयुष्य गेले, त्यामुळे आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला म्हणजे साडेएकोणीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ४५ मिलिलिटर म्हणजे सव्वाएकोणीस. खाते वेगळे, शिल्लक तीच! २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा हाच वाद पेटला होता. आणि अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले.

हे सारे मोझरीला अधिक बोचते. १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी इथे गुरुकुंज उभारले आणि व्यसनमुक्ती हा ग्रामसुधारणेचा पाया मानला. त्यांचा पुण्यतिथी महोत्सव अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच येतो. कर्जाच्या फायली तपासताना मला एक गोष्ट नेहमी दिसे. घरखर्चात दारूचा उल्लेख कधी नसे, पण 'किरकोळ' या सदरातली रक्कम मात्र फुगलेली असे. त्या 'किरकोळ'चे व्याज बायकामुले फेडत.

म्हणून मुलांना गावंढळ ठरवून किंवा पापी म्हणून प्रश्न सुटत नाही. त्यांना चवीची जाण आहे, ती चांगलीच गोष्ट. पण पंगतीचा एक कायदा आहे : जे वाढायचे ते सगळ्यांना. त्याच पंगतीत दारू सोडून जेमतेम वर्ष झालेला एखादा काका बसलेला असतो, शेजारी दहावीतली पुतणी असते. बाटली उघडली की पंगत दुभंगते, आणि ज्याची लढाई सर्वांत कठीण तोच उठून बाहेर जातो. पाहुणचार म्हणजे त्याला उठावे लागू नये याची काळजी घेणे. यंदा अंबाडीचे सरबत करा. रंगही लाल, आणि पेला सगळ्यांच्या हातात.